काटकसर आणि कसर

मूळ वचन : योहान 6:12



पाच हजारांस भोजन घातल्याची कथा आपल्या शब्बाथशाळेतील लहान लेकरासही ठाऊक आहे. एका मुलाजवळ जवाच्या पाच भाकरी व दोन मासळ्या होत्या. प्रभूने त्या हाती घेतल्या, उपकारस्तुती केली, आणि गवतावर बसलेल्या लोकसमुदायास वाटून दिल्या. सर्व तृप्त झाले. कथा येथेच संपली असती तरी कोणास काही उणे वाटले नसते. परंतु बाराव्या वचनात प्रभू शिष्यांस आणखी एक काम सांगतो. उरलेसुरले तुकडे वेचून घ्यावे, त्यांतले काही फुकट जाऊ नये, अशी त्याची आज्ञा होती. शिष्यांनी तुकडे वेचले, आणि बारा टोपल्या भरल्या.

ह्या आज्ञेविषयी थोडा विचार करा. ज्याला पाच भाकरींतून पाच हजारांस पुरविता आले, त्याला उद्याच्या भाकरीची काय चिंता? तरी त्याने तुकडे वेचविले. ह्यावरून उघड होते की, तुकडे वेचणे हे दारिद्र्याचे लक्षण नव्हे, आणि त्यात लाजण्यासारखे तर काहीच नाही. भाकर कोणाच्या हातून आली हे ज्याला समजले, तो तिचा तुकडा पायदळी पडू देत नाही. म्हणून काटकसर ही प्रथम उपकारस्तुती आहे. पैशाची बचत तिच्या मागून येते.

आज ह्या विषयावर लिहिण्याचे कारण एका घरची भेट आहे. चाकणच्या आसपासची आपली गावे आता पूर्वीसारखी राहिली नाहीत. 1954 साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा पेनिसिलिनचा सरकारी कारखाना स्थापन झाला. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निर्माण झाले. आणि पुढे भोसरी, आकुर्डी, चाकण, म्हाळुंगे, निघोजे येथवर कारखान्यांची रांग लागली. ज्या घरी पूर्वी महिन्याकाठी रोख पैसा क्वचित दिसे, त्या घरी आता पगार येतो. पगाराच्या मागोमाग हप्ताही येतो.

मी ज्या घरी गेलो तेथे एक विधवा माता, तिचा मुलगा, सून व लहान नातू राहतात. मुलगा कंत्राटी कामगार. त्या वेळी त्याचे काम दोन महिन्यांपासून बंद होते. मोटारसायकलचा एक हप्ता व मोबाईलचा दुसरा हप्ता थकला होता. तरी तो मला म्हणाला, “पाळकसाहेब, प्रार्थना करा. एक मोठे कपाट हप्त्याने घ्यायचे आहे. घरात पाय ठेवायला जागा उरली नाही.” मी भोवती पाहिले. त्याचे म्हणणे खरे होते. पलंगाखाली बोचकी, माळ्यावर बंद पडलेले दोन मिक्सर, दाराआड फुटक्या बादल्या, आणि जुन्या कपाटाचे एक दार बिजागरी तुटून लोंबत होते.

प्रियहो, त्या वेळी मला लूकच्या बाराव्या अध्यायातील धनवान मनुष्य आठवला. त्याचे पीक कोठारांत मावेना, तेव्हा त्याने ठरविले की ही कोठारे मोडून मोठी बांधावी. आपल्यापाशी जे आहे ते कोणास द्यावे, हा विचार त्याच्या मनास शिवला नाही. तो मनुष्य श्रीमंत होता, म्हणून त्याची गोष्ट आपणांस लागू नाही असे आपण समजतो. परंतु मोठ्या कोठाराची इच्छा गरिबाच्या खोलीतही शिरते; आणि गरिबाला ते कोठार कर्जाने बांधावे लागते.

मी मुलाला म्हटले, “कपाटासाठी प्रार्थना करण्यापूर्वी घरात काय काय आहे ते तरी पाहू.” तेव्हा आम्ही सर्वांनी मिळून एकेक बोचके सोडण्यास आरंभ केला. शेवटी आईच्या ट्रंकेची पाळी आली. त्या माउलीने ट्रंकेवर हात ठेवला आणि ती म्हणाली, “ह्यात ह्यांचे कपडे आहेत.” तिचे यजमान पिंपरीच्या एका कारखान्यात पुष्कळ वर्षे होते. त्यांच्या मृत्यूनंतर तिने त्यांचे निळे गणवेश, धोतर आणि लोकरी बंडी ट्रंकेत ठेविली होती, व दुःखामुळे ती ट्रंक सहा वर्षांत उघडली नव्हती. ती उघडली तेव्हा बंडीला कसर लागून तिची चाळण झाली होती. शर्टांच्या घड्या जेथे दुमडल्या होत्या तेथे कापड विरले होते. ती म्हातारी बाई खाली बसून रडू लागली.

आपल्या भाषेत कपड्यांस खाणाऱ्या किड्याला कसर म्हणतात, आणि जपून खर्च करण्याला काटकसर म्हणतात. भाषापंडित ह्या दोन शब्दांविषयी काय म्हणतील ते म्हणोत. त्या दिवशी मला मात्र एवढे दिसले की, जेथे काटकसर नाही तेथे कसर लागते. वस्तू उधळली तर नाश पावते. आणि न वापरता, न देता कोंडून ठेविली तरीही नाश पावते. प्रभूने डोंगरावरील प्रवचनात पृथ्वीवरील संपत्तीला कसर व जंग लागते असे सांगितले, ते उधळलेल्या संपत्तीविषयी नव्हे, साठविलेल्या संपत्तीविषयी होय. ह्याकरिता तीन गोष्टींचा आपण विचार करू: निवडणे, दुरुस्त करणे आणि देणे.

पहिली गोष्ट, निवडणे. चाकणचा कांदा सर्वत्र प्रसिद्ध आहे, व आपल्यापैकी पुष्कळांनी कांद्याची चाळ भरली आहे. चाळ भरून दार लावले आणि चार महिन्यांनी उघडले, असे कोणी शेतकरी करितो काय? तो मधून मधून कांदा पाहतो, सडका काढून टाकतो, कोंब आलेला आधी वापरतो. एक सडका कांदा राहिला तर त्याची ओल शेजारच्यांस लागते. घराचेही असेच आहे. अडगळ केवळ जागा अडवीत नाही. ती चांगल्या वस्तूही नासविते. तिच्या आड उंदीर होतात, ओल धरते, विंचू बसतो. आणि घरात असलेली सुरी सापडत नाही म्हणून आपण बाजारातून दुसरी आणितो.

आपली जी मुले कारखान्यांत जातात त्यांना हे नवे नाही. तेथे भिंतीवर ‘फाइव्ह एस’ची पाटी असते. ही पद्धत जपानातून आली. पाच जपानी शब्दांत ती पाच कामे सांगते: नको ते निवडून काढणे, हवे ते जागच्या जागी मांडणे, झाडून पुसून स्वच्छ करणे, ह्या तिन्हींचा नियम बांधणे, आणि तो नियम शिस्तीने पाळणे. जी वस्तू लागते की नाही ह्याचा संशय असेल तिला लाल चिठ्ठी बांधून बाजूस ठेवितात; ठरलेल्या मुदतीत कोणी ती मागितली नाही तर ती तेथून हलवितात. लेथवर लोखंड कातताना जो कीस निघतो तोही गोळा करून वजनावर विकतात. जो तरुण मालकाच्या कारखान्यात आठ तास पान्यासुद्धा जागेवर ठेवितो, त्याने आपल्या आईच्या घरात खिळे भाकरीच्या डब्यात ठेवावे काय? जो नियम नफ्यासाठी पाळता येतो, तो देवाच्या गौरवासाठी पाळता येणार नाही काय?

ह्याकरिता एक सोपी रीत सांगतो. सारे घर एकाच दिवशी उपसू नये. मनुष्य दमतो आणि सगळे पुन्हा कोंबून टाकतो. दर शनिवारी एक कोपरा किंवा एक पेटी घ्यावी. तीन ढीग करावे: वापरण्याचे, दुरुस्तीचे आणि देण्याचे. जे कशाच्याच उपयोगाचे नाही ते भंगारवाल्यास द्यावे. मोबाईलची फुगलेली बॅटरी मात्र घरात ठेवू नये व चुलीत किंवा कचऱ्यात टाकू नये. तिला आग लागते. ती जुनी विजेची उपकरणे घेणाऱ्या अधिकृत केंद्रावर पोहोचवावी.

दुसरी गोष्ट, दुरुस्त करणे. आपल्या आज्यांस हे ज्ञान शाळेत न जाता होते. लुगडे मध्ये विरले की त्या विरलेला भाग कापून काढीत, आणि धड राहिलेली दोन टोके जोडून शिवीत. ह्याला दंड घालणे म्हणत. दंडाचे लुगडे पुढे जुनेर होई; जुनेराची गोधडी, बाळाची दुपटी व लंगोट होत; त्यांचे पोतेरे होई; आणि शेवटच्या चिंध्यांची काकड्यास वात होई. एका लुगड्याने घरची तीन पिढ्यांची माणसे पांघरली. त्यात कोणी कंजूषपणा पाहिला नाही.

आपल्या प्रभूलाही शिवणटिपण ठाऊक होते. जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ लावू नये, असा दृष्टांत त्याने दिला तो नाझरेथातील घरी पाहिलेलाच असावा. कोरे कापड धुतले की आटते, आणि भोवतालच्या जुन्या कापडास ओढून अधिक फाडते. म्हणून कापड शिवण्यापूर्वी भिजवून, धुवून, वाळवून घ्यावे, अथवा जुन्याला जुनेच लावावे. ठिगळ फाटलेल्या जागेहून चहूकडून दोन बोटे मोठे असावे, म्हणजे टाका धड कापडात पडतो. फाटण्यास आरंभ होताच बसावे. नखाएवढ्या भोकास चार टाके पुरतात, हातभर फाटल्यावर दिवस जातो.

भांड्यांचेही असेच. तांब्यापितळेच्या भांड्याची कल्हई उडाली म्हणून ते मोडीत घालू नये, पुन्हा कल्हई करून घ्यावी. मात्र कल्हई होईपर्यंत त्यात ताक, चिंच किंवा आमटी ठेवू नये. ती कळकते आणि पोटास बाधते.

येथे एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. काटकसरीच्या नावाखाली जीव धोक्यात घालू नये. औद्योगिक वसाहतीच्या आसपास निळी प्लॅस्टिकची पिंपे स्वस्त मिळतात. त्यांत पूर्वी काय होते हे कोणी सांगू शकत नाही. कितीही धुतली तरी त्यांत पिण्याचे पाणी अथवा धान्य भरू नये. कीटकनाशकाचे रिकामे डबे तर घरात आणूच नयेत. त्यांस भोके पाडून निकामी करावे. यंत्रांच्या खोक्यांच्या फळ्यांची चांगली बाके व मांडण्या होतात. परंतु लाकडावरील शिक्का पाहावा. ‘एच टी’ म्हणजे ते लाकूड उष्णतेने कीडमुक्त केलेले आहे. ‘एम बी’ म्हणजे विषारी वायूने. दुसऱ्या प्रकारचे लाकूड घरात आणू नये व चुलीतही घालू नये. शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे. चार पैसे वाचवून ते मंदिर पाडणे ही बचत नव्हे.

तिसरी गोष्ट, देणे. ह्यावाचून पहिल्या दोन गोष्टी केवळ व्यवहार आहेत. यिर्मयाच्या अडतिसाव्या अध्यायात एक गोष्ट आहे, तिच्यावर फारशी प्रवचने होत नाहीत. यिर्मया संदेष्ट्याला शत्रूंनी दोरांनी खोल विहिरीत सोडिले. तिच्यात पाणी नव्हते, चिखल होता. तो त्यात रुतला. राजवाड्यात एबद-मलेख नावाचा एक कूशी, परदेशी चाकर होता. त्याने राजाजवळ रदबदली केली, आणि माणसे घेऊन तो निघाला. परंतु विहिरीकडे जाण्यापूर्वी तो राजवाड्याच्या भांडारखाली गेला, आणि तेथून त्याने जुन्या फाटक्या चिंध्या व विरलेली वस्त्रे घेतली. ती दोरांबरोबर खाली सोडून त्याने संदेष्ट्याला सांगितले की, ही काखेत दोरांखाली ठेव. मग त्यांनी त्याला वर ओढून काढिले.

भांडारात सोनेरुपे होते. ते त्या दिवशी कामास आले नाही. कामास आल्या त्या चिंध्या. कोणीतरी त्या फेकून न देता, जेथे सापडतील अशा जागी ठेविल्या होत्या. आणि एबद-मलेखाची दयाही पाहा. दोराने मनुष्य वर येतो एवढे त्याला पुरे झाले नाही. ओढताना अशक्त मनुष्याची काख सोलली जाईल, हा विचार त्याने केला. बंधुभगिनींनो, चिंधी कशासाठी राखावी ह्याचे उत्तर येथे आहे. आपल्यासाठी नव्हे, तर चिखलात रुतलेल्या कोणास वर काढिताना त्याला दुखू नये म्हणून.

आपल्या भोवती असे मनुष्य पुष्कळ आहेत. परप्रांतांतून मजूर कुटुंबे एक पिशवी घेऊन चाकणला उतरतात. थंडीत त्यांच्या लेकरांजवळ पांघरूण नसते. आपण टाकिलेले वेचणारेही आहेत. पुणे व पिंपरी-चिंचवड येथील कचरावेचकांनी 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन केली. त्यांतील बहुतेक स्त्रिया आहेत. चिखलीजवळ कुदळवाडीत भंगाराची मोठी पेठ होती. तेथील हजारो शेड व गोदामे 2025 च्या फेब्रुवारीत महापालिकेने अनधिकृत म्हणून पाडली, व पुष्कळ मजुरांची रोजी गेली. त्या कारवाईचा न्याय करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु आपण ज्याला भंगार म्हणतो त्यावर कोणाचे तरी ताट अवलंबून असते, एवढे आपण जाणावे. आणि ओल्या अन्नात कागद, काच मिसळून त्या बहिणीचे हात घाण करू नयेत व कापू नयेत. मोशी येथे कचऱ्यापासून वीज करण्याच्या प्रकल्पाचे उद्घाटन 1 ऑगस्ट 2023 रोजी झाले, व वर्षास सुमारे अडीच लाख टन कचऱ्याचा त्यात उपयोग होईल असे सांगण्यात आले. ही चांगली गोष्ट आहे. तथापि भट्टीत गेलेली गोधडी कोणाच्या लेकरास ऊब देत नाही.

देताना एक नियम पाळावा. जे आपल्या मुलाच्या अंगावर घालण्यास आपणांस लाज वाटेल, ते दुसऱ्याच्या मुलास देऊ नये. धुवून, गुंड्या लावून, घडी करून द्यावे. घराची अडगळ दुसऱ्याच्या दारी लोटणे ह्याला दान म्हणत नाहीत. यापो येथील टबीथाने विधवांसाठी अंगरखे केले. ती मरण पावली तेव्हा त्या विधवा ती वस्त्रे दाखवून रडल्या. उरलेसुरले फेकून दिले असते तर त्यांनी ते अश्रूंनी दाखविले असते काय?

आता सुवार्तिक बंधूंस व बायबल-स्त्रियांस दोन शब्द. प्रभूने याकोब व योहान ह्यांस बोलाविले तेव्हा ते तारवात बसून आपली जाळी नीट करीत होते. मूळ ग्रीक भाषेत तेथे जे क्रियापद आहे, तेच गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभी आहे. कोणी अपराधात सापडला तर त्याला सौम्यतेने ठिकाणावर आणावे, असे पौल तेथे सांगतो. जाळे नीट करणे व मनुष्य नीट करणे ह्यांस एकच शब्द आहे. 1896–97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली व विधवा आणिल्या. जगाने त्यांस टाकिले होते. केडगावच्या मुक्तिसदनात त्याच स्त्रिया विणकाम, शिवणकाम व छापखान्याचे काम शिकल्या. म्हणून मंडळीतील जो बंधू दारूत पडला, जी बहीण उपासनेस येईनाशी झाली, त्यांचे नाव वहीतून खोडण्याची घाई करू नका. कोऱ्या कापडासारखे कडक ठिगळ लावू नका; आपले मन आधी अश्रूंत भिजवा, मग टाका घाला.

त्या घरी पुढे काय झाले ते सांगून पुरे करितो. सायंकाळपर्यंत तीन ढीग झाले. मुलाने नवी बिजागरी आणून जुन्या कपाटाचे दार बसविले. जे उरले ते त्या कपाटात मावले. एक मिक्सर दुरुस्त झाला, दुसरा भंगारात गेला. कपाटाचा हप्ता टळला. थकलेले हप्ते मात्र टळले नाहीत. ते फेडण्यास त्याला पुढे पाच महिने लागले, हेही मी सांगितले पाहिजे. काटकसर जुने कर्ज पुसून टाकीत नाही, ती नवे येऊ देत नाही.

राहिली ती ट्रंक. म्हातारी मला म्हणाली, “पाळकसाहेब, ह्यांचे कपडे मी कसे टाकू?” मी म्हटले, “आई, टाकू नका. जे धड आहे त्याची गोधडी शिवा.” दोन महिन्यांनी मी पुन्हा गेलो. मुलाला काम लागले होते. नातू गोधडीवर निजला होता; तिच्यात मधोमध आजोबांच्या गणवेशाचे निळे तुकडे होते, व एका तुकड्यावर खिसा तसाच राखला होता. पोर झोपेतही त्या खिशात हात घालून होते. धड राहिलेले दोन शर्ट व धोतर धुवून तिने शेजारच्या खोलीत नव्याने आलेल्या मजुराला दिले होते. ती मला म्हणाली, “ट्रंकेत होते तेव्हा बघवत नव्हते. आता रोज उन्हात घालते.”

प्रियहो, ह्या आठवड्यात एक पेटी उघडा. एक फाटके शिवा. एक चांगली वस्तू धुवून कोणास द्या. नवी वस्तू हप्त्याने घेण्यापूर्वी एक महिना थांबा, आणि त्या महिन्यात प्रार्थना करा. आपल्या हातून तुकडे वेचले गेले तर टोपल्या भरण्याचे काम प्रभूचे आहे.

हे प्रभू, तू दिलेल्याचा आम्हांस विसर पडू देऊ नको. जे विरले आहे ते जोडण्यास आमच्या हातांस धीर दे, जे कोंडले आहे ते उघडण्यास आमच्या मनास बळ दे, आणि जो चिखलात आहे त्याच्यापर्यंत आमची चिंधी पोहोचव. आमेन.